जिलचा रविवार

सुनेची आठवण येते, असं सासूने म्हणायचं नसतं. त्यातून ती सून मुलाला सोडून गेलेली असली तर नाहीच नाही. अशा वेळी डोळ्याला पदर लावून, आपल्या लेकाचं कसं वाटोळं झालं ते चार बायकांना सांगायचं असतं. पण जर्मनीत, बाड हॉम्बुर्गमध्ये, चार बायका आणायच्या कुठून? आणि आणल्या असत्या तरी कमलाबाईंना तसं सांगता आलं नसतं, कारण अश्वजितचं वाटोळं वगैरे काही झालं नव्हतं. तो उजाडायच्या आत कंपनीत जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा, जिल घरात असतानाही तो असाच जात-येत होता. तेच तर दुखणं होतं. जानेवारीत जिल तिच्या गावी, इंग्लंडात लीड्सला, नोकरी धरून निघून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन मोठ्या बॅगा घेतल्या, कमलाबाईंना घट्ट मिठी मारली, इंग्रजीत काहीतरी बोलली आणि टॅक्सीत बसली. कमलाबाईंना त्यातला एक शब्द कळला नाही, पण ही आता परत यायची नाही एवढं मात्र कळलं.

सासू-सुनेचं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं आपल्याकडे म्हणतात. या दोघींचं तसं कधी झालं नाही, कारण भांडायलासुद्धा एक भाषा लागते. नवरा वारल्यावर कमलाबाई औरंगाबादचं घर बंद करून लेकाकडे आल्या, तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि जिलला मराठीतले चार-दोन शब्दच यायचे. मग दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. दर रविवारी सकाळी जिल रोस्ट लावायची, म्हणजे मेंढीच्या कोकराची अख्खी तंगडी ओव्हनमध्ये भाजायची, तिच्या आईच्या घरी भाजायचे तशी. कमलाबाई ओट्याजवळच्या स्टुलावर बसून बटाटे सोलायच्या. जिल इंग्रजीत काय सांगायची देव जाणे. कमलाबाई तिला आपल्या सासूने कसा छळ केला ते सांगायच्या, जे त्यांनी पोटच्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. जिल बरोबर जागा पाहून "हं" म्हणायची. ज्याला सगळं सांगावं असं माणूस म्हणून कमलाबाईंना अख्ख्या जन्मात हीच एक मिळाली होती, आणि तिला त्यातलं काही कळत नव्हतं हे आणखी बरं होतं.

ती गेली आणि रविवार ओस पडला. घरात राहिली हर्षा, चौदा वर्षांची नात. हिला मराठी सगळं कळायचं, पण आजीने मराठीत विचारलं की ही जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आईशी इंग्रजी, बापाशी जे सुचेल ते. जानेवारीपासून तर तीही बोलायची बंद झाली. शाळेतून यायची, ताट उचलायची, खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. थोड्या वेळाने ताट बाहेर यायचं, अर्धं भरलेलं. कमलाबाईंनी भाकरी केली, अंड्याची पोळी केली, एकदा तर फ्रीजरमधली ती पिझ्झा नावाची गारढोण वस्तूही भाजून दिली. ताट अर्धं ते अर्धंच.

आणि मग मार्चमध्ये एका संध्याकाळी, मेल वाचता वाचता, अश्वजितने आईला सहज सांगावं तसं सांगितलं की सप्टेंबरपासून हर्षाला लीड्सच्या शाळेत घालावं असं जिल म्हणते. तिकडे नाव नोंदवायचं आहे. हर्षाने विचार करायला वेळ मागितला आहे. ईस्टरच्या रविवारी ती आईला फोनवर काय ते सांगणार आहे.

"तुला काय वाटतं?" कमलाबाईंनी विचारलं.

"तिचं तिने ठरवायचं, आई. इथे तसंच असतं," अश्वजित म्हणाला आणि पुन्हा मेलमध्ये शिरला.

कमलाबाईंनी हर्षाच्या बंद दाराकडे पाहिलं. पोरगी गेली तर या घरात दिवसभर आवाज फक्त फ्रीजचा. पोरगी बोलत नसली तरी तिचे बूट दाराशी पडायचे, तिच्या खोलीतून गाणं ऐकू यायचं, तिचं ताट आतबाहेर करायचं. तेही गेल्यावर आपण इथे नेमकं कशासाठी उठायचं, हा प्रश्न त्यांना रोज पहाटे पडायला लागला. औरंगाबादला परत जावं तर तिकडे तरी कोण होतं? कॉलनीतल्या बायका अजून जय भीम घालतील, चहा पाजतील, आणि मग आपापल्या नातवंडांमागे जातील. कमलाबाईंना भीती वाटत होती, साधी, उघडी भीती, आणि ती सांगायला जागा नव्हती.

भीती वाटली की काही बायका रडतात, काही उपास करतात. कमलाबाई स्वयंपाक करत. माणसाला घरात धरून ठेवतं ते ताट, ही त्यांची पहिल्यापासूनची श्रद्धा. नवऱ्याची बदली, अश्वजितची परीक्षा, जावेचा रुसवा, सगळं त्यांनी मटणाच्या रश्श्यावर निभावून नेलं होतं. त्यांनी हिशेब मांडला तो असा: पोरीला आठवण कशाची येते? आईच्या हातच्या जेवणाची. ते जेवण इथेच मिळालं, तर ती कशाला जाईल? ईस्टरच्या रविवारी जिलचा रोस्ट करायचा, अगदी जिल करायची तसाच. पोरीने संध्याकाळी फोन उचलायच्या आधी ते तिच्या पोटात गेलं पाहिजे. हिशेब अगदी सोपा होता आणि पन्नास वर्षं चूल सांभाळलेली कुठलीही बाई त्याला मान डोलावेल.

अश्वजितला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ते प्रकरण कशाला? तू तुझं मटण कर ना." कमलाबाईंनी ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही.

गुड फ्रायडेला इथे सगळं बंद, शनिवारी झुंबड, म्हणून त्या गुरुवारीच स्टेशनजवळच्या तुर्की खाटकाकडे गेल्या. हा खाटीक त्यांच्या ओळखीचा. बोटाच्या पेराएवढे तुकडे कसे करायचे ते कमलाबाईंनीच त्याला बोट दाखवून शिकवलेलं. त्यामुळे त्यांना दारात पाहताच त्याने तंगडी ठोकळ्यावर टाकली, सत्तूर उचलला, आणि कमलाबाई "नाइन, नाइन", म्हणजे नको नको, करत काउंटरवर दोन्ही हात पसरून जवळजवळ आडव्या झाल्या. जन्मभर खाटकाला "बारीक कर रे" म्हणून बजावलं, आणि आज "तोडू नको" म्हणायची पाळी. "गान्त्स," त्या म्हणाल्या, म्हणजे अख्खी. खाटकाने भुवया चढवल्या. पाहुणे येणार का, असं त्याने खुणेने विचारलं. कमलाबाई "या" म्हणाल्या, म्हणजे हो. खोटं बोलल्याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

रविवारी त्या पहाटेच उठल्या. मटण फ्रीजमधून आधी काढून ठेवायचं असतं, ते जिलने कधी चुकवलं नव्हतं. तंगडी बाहेर काढली, नळाखाली धरली, दोनतीन पाण्यांनी खळखळून धुतली, मग हात आपसूक मिसळणाच्या डब्याकडे गेला, आणि त्या भानावर आल्या तेव्हा तंगडीला हळद-मीठ चोळून झालं होतं. अख्खी तंगडी पिवळीधमक, हळद लावून बसलेली नवरी. कमलाबाईंनी कपाळावर हात मारला, तर कपाळही पिवळं झालं. मटण दिसलं की हळद-मीठ, हे त्यांच्या हातांना इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायची पद्धतच नव्हती. जिल मटण धूतसुद्धा नसे. नुसतं कागदाने टिपायची, आणि ते पाहून इतकी वर्षं कमलाबाईंच्या अंगावर काटा येत होता.

पुन्हा धुतलं, घासलं, पुसलं. फटीफटीत पिवळं राहिलंच. मग त्यांनी मिसळणाचा डबा उचलला आणि सरळ बाल्कनीत नेऊन ठेवला, म्हणजे हात पुन्हा तिकडे जायला नको. येताना तिथल्या कुंडीतून रोझमेरीच्या काड्या तोडून आणल्या. कुंडी जिलची. ती गेल्यापासून कमलाबाई तिला पाणी घालत होत्या, कोणी विचारलं असतं तर का ते त्यांना सांगता आलं नसतं.

पुढचं मात्र डोळ्यांसमोर होतं. टोकदार सुरीने मटणाला जागोजागी टोचायचं, प्रत्येक भोकात लसणाची पाकळी आणि रोझमेरीचं पान कोंबायचं, वरून तेल, मीठ, मिरपूड, बस. खरोखर बस. इतक्या मोठ्या जनावराला एवढाच मसाला, हे कमलाबाईंच्या मनाला पटेना, पण त्यांनी मन आवरलं. ओव्हनचं बटण त्यांनी आकड्यांवरून लावलं नाही. जिल ते खिडकीच्या बाजूला टोक येईपर्यंत फिरवायची, तेवढं फिरवलं. बटाटे अर्धे उकडले, पाणी निथळलं, आणि झाकण लावून पातेलं गदागदा हलवलं. बटाट्यांच्या कडा खरबरीत झाल्या की त्या कुरकुरीत भाजतात, हे आता झाकण काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं. इतके दिवस त्यांना वाटायचं की अश्वजितवरचा राग जिल त्या पातेल्यावर काढते. कदाचित तोही असेल.

पुदिना बारीक चिरून साखर आणि व्हिनेगरमध्ये टाकला. हिरव्या मिरचीकडे पाहिलं आणि मान फिरवली. मटणाखाली सुटलेली चरबी ओव्हनमधून पळीने काढून घेतली, तिच्यात पीठ परतून, बटाट्याचं पाणी ओतून ग्रेव्ही ढवळली. तिला रस्सा म्हणणं हा रश्श्याचा अपमान आहे, असं त्यांचं जुनं मत होतं, ते कायम राहिलं.

आणि मग ती गोष्ट आली जी त्यांना कधीच समजली नव्हती. तंगडी ओव्हनमधून काढायची, चांदीच्या कागदाखाली झाकायची, आणि तिला हात न लावता थांबायचं. चांगलं वाफाळतं अन्न गार होऊ द्यायचं? आपल्याकडे पानावर बसलेल्या माणसाला कढत वाढलं नाही तर वाढणारीचा जन्म फुकट. पण जिल थांबायची. त्या तेवढ्या वेळात ती दुसरं स्टूल ओढून कमलाबाईंच्या शेजारी बसायची, पाय लांब करायची, काही बोलायची नाही. दोघी त्या झाकलेल्या तंगडीकडे बघत बसायच्या. आठवड्यातून तेवढा वेळ घरातल्या कुणालाही त्या दोघींकडून काही नको असायचं. आज कमलाबाई एकट्याच बसल्या. एका स्टुलावर त्या, समोर तंगडी. मटण मुरायला वेळ लागतो, एवढंच कारण असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि डोळे पुसले.

वास एव्हाना घरभर गेला होता. हाक मारायच्या आधीच हर्षाच्या खोलीचं दार उघडलं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, केस विस्कटलेले, पायात दोन वेगळे मोजे. आजीकडे पाहिलं, कागदाखालच्या तंगडीकडे पाहिलं. मग खण उघडून सुऱ्या-काटे काढले आणि टेबल मांडायला घेतलं. खोलीत ताट नेण्याचं नाव नाही.

जेवायला तिघं. अश्वजितने तंगडी कापली, जाड, वेडीवाकडी, कारण कापायचं काम जिलचं असे. कमलाबाई बसल्या नाहीत. बटाटे आण, ग्रेव्ही वाढ, वाटाणे गरम कर, अशी त्यांची ये-जा चालू होती आणि डोळे नातीच्या ताटावर. हाडाजवळ हळदीची एक रेघ राहिलीच होती. हर्षाने ती पाहिली आणि मुकाट्याने खाल्ली. मग एक बटाटा मोडला, ग्रेव्हीत बुडवला, तोंडात घातला, आणि चावायची थांबली.

"गेनाऊ," ती हळूच म्हणाली. "गेनाऊ वी बाय ममा." अगदी ममा करते तसं. एवढं जर्मन कमलाबाईंना कळत होतं.

जिंकलो, असं त्यांना वाटलं. त्या पुन्हा वाढायला धावल्या. अश्वजितने चार घास खाल्ले, सुरी-काटा ताटात ठेवला, "आई, छान झालंय गं," म्हणाला आणि उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो पाठमोरा उभा होता. हर्षा मात्र खात होती. जानेवारीपासून उपाशी असल्यासारखी खात होती. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा बटाटे घेतले. कमलाबाई शेजारी उभ्या राहून पोरीची मान खाली-वर होताना बघत होत्या, आणि मग त्यांना दिसलं की तिच्या डोळ्यांतून पाणी गळतंय. ती पुसत नव्हती. खात होती आणि रडत होती.

तेव्हा कमलाबाईंना आपली चूक कळली. पोरीने गेल्या तीन महिन्यांत कसंबसं विसरायला घेतलं होतं. अर्धं ताट खाऊन, दार लावून, गाणी लावून ती आईशिवाय जगायची सवय करत होती. आणि आजीने काय केलं, तर पहाटे उठून, घासून पुसून, ती सगळी भूक पुन्हा जागी केली. आईच्या हातची चव दिली, पण आई कुठून देणार? हे एवढं साधं पन्नास वर्षं चूल सांभाळून कसं कळलं नाही, म्हणून त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

जेवण झालं. हर्षाने ताटं उचलून स्वयंपाकघरात आणली, धुवायच्या मशीनमध्ये लावली, आणि फोन हातात घेऊन आजीसमोर उभी राहिली. मोजे बघत होती. मग मान वर करून तिने मराठीत, एकेक शब्द शोधत, सांगितलं:

"आजी, मला जायचं आहे. पण तू एकटी होणार. तू म्हणालीस राहा, तर मी राहते. खरंच राहते."

हर्षाने मराठीत एवढं लांब वाक्य शेवटचं कधी म्हटलं होतं, कमलाबाईंना आठवेना. 'राहा' हा शब्द त्यांच्या जिभेवर तयार होता. त्याच्यासाठी तर हा सगळा खटाटोप. नुसतं तोंड उघडायचं होतं. पोरगी शब्दाची पक्की होती, राहिली असती. बूट दाराशी पडले असते, गाणं ऐकू आलं असतं, आणि अर्धं भरलेलं ताट रोज बाहेर आलं असतं.

"आधी आईला फोन तर लाव," त्या म्हणाल्या. तेवढाच वेळ मिळाला.

हर्षाने फोन लावला. पलीकडून आवाज आला आणि ही इंग्रजीत सुरू झाली. रोस्ट, आजी, पोटॅटो, एवढं कमलाबाईंना कळत होतं. हाताने तंगडीचा आकार दाखवत होती, जसं काही फोनवरून दिसणार होतं. हळदीचं सांगत असावी, कारण मध्येच खळखळून हसली. जानेवारीनंतर हे हसू घरात पहिल्यांदा आलं होतं. आजीला पाहून, आजीच्या स्वयंपाकाने, आजीच्या मायेने ते आलं नव्हतं. फोनवरच्या आवाजाने आलं होतं. कमलाबाई ओट्याला टेकून ते ऐकत राहिल्या, आणि जिभेवरचा शब्द त्यांनी गिळला.

"आजी, ममाला तुझ्याशी बोलायचं," हर्षा म्हणाली आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

काय बोलणार? दोघींचं बोलणं म्हणजे बटाटे, सुरी, स्टूल. समोर नसलेल्या माणसाशी भाषेशिवाय बोलायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं. पलीकडे जिलचा श्वास ऐकू आला. मग मोडक्यातोडक्या उच्चारात, पण अगदी स्पष्ट:

"आई, जेवलात?"

कमलाबाई जेवल्या नव्हत्या. सगळ्यांना वाढण्यात त्यांचं राहून गेलं होतं आणि घरात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गेल्या तीन महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्यांना हुंदका आला, तो त्यांनी तोंडावर पदर धरून दाबला.

"जेवले," त्या म्हणाल्या. आणि हर्षाकडे वळून म्हणाल्या, "सांग तिला. म्हणावं, आजी म्हणते पोरगी आईजवळच बरी. सप्टेंबरला पाठवते."

हर्षा एक पाऊल मागे सरकली.

"सांग की," कमलाबाई दटावून म्हणाल्या. "आणि म्हणावं, ग्रेव्ही जरा घट्ट झाली."

हर्षाने फोन घेतला. पहिलं वाक्य सांगताना ती दोनदा अडखळली. पलीकडे जिल भराभर बोलायला लागली, रडत की हसत ते कमलाबाईंना इथून कळेना. त्यांनी एक ताट घेतलं, त्यात मटणाचा गार झालेला तुकडा आणि दोन बटाटे वाढून घेतले, आणि स्टुलावर बसल्या.

"काय म्हणते?" फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं.

हर्षाने नाक पुसलं. "म्हणते, पुढच्या वेळी पीठ कमी घाल."

"बरं," कमलाबाई म्हणाल्या. पुढच्या वेळी कुणासाठी, हे त्यांनी विचारलं नाही.